भलत्याच कुलपाची किल्ली

दोघं भाऊ किल्ल्या बनवायचे. दुकान एवढंसं, की दोघं आत उभे राहिले तर गिऱ्हाइकाला रस्त्यावरूनच बोलावं लागे. दादाला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा दुकान पहिल्यांदाच ऐसपैस झालं, आणि त्या मोकळ्या जागेचं काय करायचं ते धाकट्याला कळेना.

डॉक्टर म्हणाले, आता औषधांनी भागणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी, रक्त तयार करणाऱ्या पेशी हव्यात, आणि त्या जुळायला हव्यात. धाकट्याने लगेच बाह्या सरसावल्या. सख्खा भाऊ, नाक तेच, घोरणंसुद्धा एकाच सुरातलं. तपासणीत काहीच जुळलं नाही. अर्धंसुद्धा नाही.

हॉस्पिटलसमोर दोन खोल्यांत अशा पेशंटांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी एक संस्था होती. तिथल्या ताईंनी वहिनीच्या राहण्याची सोय केली, डॉक्टरांचं बोलणं तिला माणसांच्या भाषेत समजावलं, आणि दादाला विणलेल्या टोप्या पाठवल्या. इतक्या पाठवल्या, की दादा म्हणाला, आता डोकी कमी पडतायत.

धाकट्याने ताईंना धंद्याच्या सवयीने विचारलं, "जरा घासून बसवता येत नाही का? आमच्याकडे बऱ्याच किल्ल्या घासूनच बसतात."

ताईंनी नाही म्हणून सांगितलं, अगदी गंभीरपणे. मग त्याच्या पेशींची माहिती दात्यांच्या नोंदीत टाकू का, असं विचारलं. दादासाठीही तिथेच शोध चालू होता. टाका, म्हणाला.

पुढे एकदा ताईंचा फोन आला, जुळलंय म्हणून. धाकट्याने शटर अर्ध्यावर ओढलंसुद्धा. मग कळलं, की जुळला होता तो स्वतः, आणि तेही कुठल्याशा तिऱ्हाइताशी. नाव, गाव, बाई की पुरुष, काहीच सांगायचं नाही असा नियम होता. अदलाबदल करता येईल का, त्याच्या घरच्यांपैकी कुणी दादाला चालेल का, हे धाकट्याने विचारून पाहिलं. तसं नसतं म्हणे. नकार द्यायची मुभा होती, पण आत्ताच. एकदा तिकडच्या पेशंटला नव्या पेशी चढवण्याआधीची जालीम औषधं दिली, की त्याचं स्वतःचं रक्त बनणं बंद होणार. मग धाकटा मागे फिरला, तर तो माणूस गेलाच.

हे ऐकून दादा इतका हसला, की नर्सने त्याला झापलं.

"बारक्या," तो म्हणाला, "घरातलं कुलूप उघडेना तुला. शेजाऱ्याचं तरी उघड."

ठरल्या दिवशी धाकटा खुर्चीत पडला होता. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त निघून यंत्रात जाई, तिथे हव्या त्या पेशी पिशवीत उतरत, आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येई. शेजारी बसून ताई त्याला बिस्किटं भरवत होत्या. लहान बाळासारखं वाटतंय म्हणाला, तर ताई म्हणाल्या, बाळं कमी बोलतात.

खिशातला फोन वाजला. ताईंनी तो त्याच्या कानाला लावला. वहिनी होती, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. दादाचा ताप चढलाय, दम लागलाय, आयसीयूत हलवतायत, आत गेल्यावर भेटू देणार नाहीत. ते सारखं तुझं नाव काढतायत. आत्ताच्या आत्ता ये.

धाकट्याने यंत्रापाशी उभ्या असलेल्या नर्सकडे पाहिलं. पिशवी अजून अर्धीही भरली नव्हती, आणि तिकडच्या पेशंटला औषधं देऊन झाली होती. नर्सने नुसती नकारार्थी मान हलवली.

"वहिनी, मला उठता येत नाही."

"म्हणजे?"

त्याने सांगायला सुरुवात केली. पण ते खरं असूनही थापेसारखं ऐकू येत होतं, म्हणून मध्येच सोडून दिलं. फोन दादाच्या कानाला लाव, म्हणाला.

पलीकडून धाप ऐकू आली, आणि खाटेची चाकं. आयुष्यभर दादाला हसवायला त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. आत्ता एकही शब्द सापडेना.

"दादा, मी खालीच आहे," तो म्हणाला. "इथंच, खाली."

चाकं थांबली. लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला, आणि फोन तुटला.

धाकट्याचं नाक वाहायला लागलं. ताईंनी आपल्या रुमालाने पुसलं, ते पुन्हा वाहिलं, त्यांनी पुन्हा पुसलं.

"हात हलवू नका हं," नर्स म्हणाली.

तो हलवत नव्हता.