सोमवारपर्यंत उघडं

मी एक जुना व्हीपीएन राउटर आहे. आज कोठीत सलाइनच्या खोक्यांमागे पडून असलो, तरी मित्रांनो, चार वर्षं टोंगातल्या एका लहान बेटाचा दवाखाना मी मोठ्या बेटावरच्या इस्पितळाशी जोडून ठेवला होता. रुग्णांचे कागद, रक्ताचे अहवाल, फोनसुद्धा माझ्यातल्या बंद वाटेनं जायचे.

कावेइंगा नावाच्या तंत्रज्ञानं मला बसवलं. पाठीवर छापलेला पासवर्ड त्यानं लगेच बदलला. बाहेरून माझ्या सेटिंग्जमध्ये शिरायचं दार बंद केलं. तीनदा पासवर्ड चुकला की कुलूप पडेल, अशीही सोय केली. मला फार अभिमान वाटायचा.

एका शनिवारी संध्याकाळी मी अडखळू लागलो. बोट दोन दिवसांनी होती, म्हणून कावेइंगानं मोठ्या बेटावरून दवाखान्यातल्या नर्स लोसालिनेला फोन केला.

"मावशी, बाहेरचं दार उघड, मी इथूनच बघतो. आणि पासवर्ड पुन्हा पाठीवरचाच ठेव, तो मला पाठ आहे. कुलूपही काढ, माझी बोटं जाड आहेत."

"मग बंद कधी करायचं?"

"सोमवारी. उद्या रविवारी काम केलं तर पाद्रीबुवा मला झोडपतील."

"तुला झोडपायला तुझी बायको पुरे आहे!"

दोघं हसले. त्यानं मला दुरुस्त केलं. तिला चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला उशीर होत होता, म्हणून दार तसंच उघडं ठेवून ती निघून गेली.

रविवारी दुपारी ओफाच्या रक्ताचा अहवाल यायचा होता. तिला आठवा महिना होता. धोका असला तर डॉक्टर कळवणार होते आणि सोमवारी सहाच्या बोटीनं तिला न्यायचं होतं. पुढची बोट थेट गुरुवारी होती.

त्या रविवारी सकाळी चर्चमध्ये स्तोत्रं सुरू झाली, तेव्हा माझ्या दारावर कुणीतरी पासवर्ड घालून पाहू लागलं. चुकला. पुन्हा चुकला. कुलूप पडलंच नाही. बाराव्या खेपेला पाठीवरचा पासवर्ड जुळला आणि तो अनोळखी आत आला. त्यानं पासवर्ड बदलला आणि माझी बंद वाट मोडून टाकली; आता ना अहवाल येणार होता, ना डॉक्टरांचा फोन. मी घाबरलो होतो, पण मला ओरडता येत नाही. माझा हिरवा दिवा मात्र पेटलेलाच राहिला.

संध्याकाळी लोसालिनेनं दारातूनच तो दिवा पाहिला आणि ओफाला म्हणाली, "काही आलं नाही पोरी, म्हणजे सगळं ठीक आहे. झोप निवांत."

सोमवारी सहाला बोटीचा भोंगा वाजला. ओफा घरीच होती. गुरुवारच्या बोटीनं तिला नेलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही.

मित्रांनो, घाईत उघडलेलं दार त्याच दिवशी बंद करा. लोसालिने आता चर्चला जाण्याआधी नव्या राउटरची सगळी दारं तपासते. कधी तपासता तपासता रडते.

उद्या मला दुसऱ्या बेटावरच्या दवाखान्यात पाठवणार आहेत. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, तारा गुंडाळल्या. आतलं काहीच कुणी पाहिलं नाही. त्या अनोळखी माणसाचा पासवर्ड अजून माझ्यातच आहे, आणि बाहेरचं दार उघडंच आहे.