तीन धागे वर

थोरलीचं दुखणं एवढंच होतं, की हात तिचे आणि तोंड धाकटीचं.

चित्रकारबाई माणसांचे चेहरे काढायच्या. आता त्यांना चेहरा हवा होता तो या घरच्या जुन्या विणाईत. हिच्यात रंग छापायचा नसतो की भरायचा नसतो. एकेका रंगाच्या धाग्याची कांडी हातानं फिरवत तो धाग्यातच उठवायचा असतो. "आणि चेहरा विणणारणीचाच हवा," असं म्हणत बाई मागांच्या खोलीत शिरल्या, बारा वर्षं मागावर बसलेल्या थोरलीला ओलांडून पुढे गेल्या आणि तिच्या जावेसमोर थांबल्या. "हा!"

विणणारीण म्हणे! धाकटीनं विणलेलं कापड उजेडात धरावं आणि पलीकडच्या खिडकीचे गज मोजावेत. पण गालाला खळी पडत असली, की हाताची वीण कोण बघतं?

"विणायचं मात्र तुम्ही," बाई थोरलीला म्हणाल्या. "तुमच्यासारखा हात नाही म्हणतात."

म्हणतात! धाकटीबद्दल त्या स्वतः बघून बोलल्या होत्या. थोरलीची ऐकीव कौतुकावर बोळवण.

उभ्या मागावर विणणारीण कापडाच्या मागे बसते. गाठी तिच्या वाट्याला, सुलट बाजू समोरच्याला. समोर स्टुलावर धाकटी. रोज सकाळभर धाग्यांच्या फटीतून ते तोंड निरखायचं. थोरलीनं नवऱ्याकडेसुद्धा कधी इतकं बघितलं नव्हतं. विणाई हनुवटीपासून वर चढायची आणि झालेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जायचा.

"जाऊबाई, कपाळ कधी येणार हो माझं?"

"आधी हनुवटी तर संपू दे. दोन दिवस झाले, संपता संपत नाही."

तिसऱ्या आठवड्यात बाई रंग बघायला आल्या, तेव्हा चित्राखाली लावायची पाटीही घेऊन आल्या. तिच्यावर बाईंचं नाव होतं. त्याखाली, चेहरा म्हणून, धाकटीचं. थोरलीनं पाटी उलटून बघितली. मागे कोरी.

बाई गेल्या आणि ओठ विणायला आला. थोरलीनं बाईंच्या रेखाटनाची आखणी सोडली आणि ओठाचा एक कोपरा तीन धागे वर चढवला. जास्त नाही, धाकटी कुचकट दिसावी इतपत. मग झपाझप पुढे विणून ओठ गुंडाळून टाकला.

अडीच महिन्यांनी कापड मागावरून उतरलं आणि भिंतीवर चढलं. सासूबाई चष्मा लावून पुढे झाल्या. थोरली बाईंच्या कपाळावर आठी पडायची वाट बघत उभी राहिली.

"हा ओठ!" बाई म्हणाल्या. "माझ्या रेखाटनात हा नव्हता. मी आपली गोड गोड चेहरे काढत बसले. या बाईला काहीतरी कळलंय आणि ती सांगत नाहीये!" आणि त्यांनी धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले. धाकटी अशी काही लाजली, जणू तो ओठ तिनं माहेरून करून आणला होता.

थोरलीनं गप्प बसावं तर कौतुक धाकटीच्या पदरात. बोलावं तर आपलं मन चारचौघांत उघडं. तिनं दोन्ही तोलून बघितलं. कौतुक जड भरलं.

"तो ओठ माझा आहे. मी मुद्दाम वाकडा केला. हिचं तोंड बिघडावं म्हणून."

सासूबाईंनी चष्मा काढला.

"ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. "सुलट बाजू माझ्याकडे होती, जाऊबाई. त्याच दिवशी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण बाई आल्या, की आपोआप ओठ तसाच वाकडा धरायला लागले. त्यांनी ताडून बघितलं तर जुळायला नको? घरात दाढ दुखते का म्हणून विचारून झालं."

"माझी चूक झाकायला?" थोरलीचा आवाज उगाचच खाली आला.

"तुमची कशाला? भिंतीवर तोंड माझं लागणार होतं!"

बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पाटी काढून पेन उघडलं. "विणणारीण म्हणून तुमचं नाव घालते."

"वर घाला."

"कुणाच्या वर?"

"हिच्या. मी थोरली आहे."

"घाला हो बाई," धाकटी म्हणाली, "नाहीतर पुढच्या खेपेला नाक वाकडं करतील."

सासूबाईंनाही हसू आवरेना. थोरलीलाही फुटतच होतं, पण तेवढ्यात ती थबकली. पुढच्या खेपेला? पुढच्या खेपेलाही स्टुलावर हीच बसणार, हे ठरवलं कुणी?