तिसाचं शिखर

ताईंचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: दीड मीटर लांबीच्या लोखंडी पन्हळीत तेल ओतायचं, एका टोकाला पेटवायचं आणि ज्योत दुसऱ्या टोकाला किती सेकंदांत पोचते ते कॅमेऱ्यात टिपायचं. मग पुन्हा तेच. अशी चार वर्षं. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज काय जाळलं?" आणि ताई रोज सांगायच्या, "तेच."

तेल म्हणजे डिझेल, आणि त्यात जैवइंधन: दहा टक्के, वीस, तीस, चाळीस. जैवइंधन वाढलं की ज्योत रेंगाळायला हवी. विसापर्यंत ती शहाण्यासारखी रेंगाळायची, एक्केचाळीस सेकंद घ्यायची. तिसाला मात्र मागे कुत्रं लागल्यासारखी एकोणतिसातच पोचायची. चाळीसला पुन्हा गरीब गाय.

ताईंच्या मार्गदर्शक सरांनी याला 'तिसाचं शिखर' असं नाव दिलं, व्हरांड्यात त्याचं पोस्टर लावलं आणि तीन परिषदांमध्ये ते चढूनही आले. एखाद्या दिवशी शिखर उगवायचंच नाही. अशा दिवसांना सर 'अपवाद' म्हणत आणि वगळत. ताईंचा अख्खा प्रबंध या शिखरावर उभा होता.

मग शोधनिबंधाच्या परीक्षकाने एका ओळीत विचारलं, चाचण्या नेहमी याच क्रमाने का?

खरं उत्तर होतं, सरांनी छापून घेतलेल्या तक्त्यात तोच क्रम आहे म्हणून: सकाळी दहा आणि वीस, जेवणानंतर तीस आणि चाळीस. ते काही लिहिता येईना. ताईंनी क्रम उलटापालटा केला. सकाळीच तीस घेतलं तर चाळीस सेकंद. शिखर गायब. जेवणानंतर दहा घेतलं तर ते सुसाट. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर चाळीस घेतलं, तर तेही सुसाट. म्हणजे जेवणानंतर पहिलं जे ओताल ते पळत होतं. ताईंनी विजेच्या दाबावर संशय घेतला, मग कॅमेऱ्यावर, मग स्वतःच्या डुलकीवर. तेलाचं तापमान तर दरवेळी बाटलीत मोजलेलं, पंचवीसच्या पंचवीस.

तिसऱ्या दिवशी त्या जेवायला गेल्याच नाहीत. डबा मांडीवर घेऊन प्रयोगशाळेतच बसल्या. प्रयोगशाळेचे मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते पन्हळ साबणाने धुऊन शांतपणे खिडकीकडे निघाले आणि भर उन्हात ती कट्ट्यावर आडवी ठेवून आले.

"मामा, हे काय?"

"वाळत घातली."

"रोज?"

"दोन ज्योतींच्या मध्ये नुसती पुसतो. पण जेवणाच्या सुट्टीत नीट धुतो. ओली पन्हळ कशी देणार तुम्हाला?" मामा जरा दुखावले. "चार वर्षांत कधी ओली मिळालीय का?"

ताईंनी पन्हळीला थर्मामीटर लावला. शेहेचाळीस. चाळीसची पाळी येईपर्यंत ती निवत असणार. तेलाचा ताप चार वर्षं मोजला होता, पन्हळीचा कुणी मोजलाच नव्हता.

त्यांनी सरांना सांगितलं. सर पोस्टरकडे वळले.

"म्हणजे अपवाद ढगाळ दिवसांचे होते?"

"हो सर."

"म्हणजे तेच बरोबर होते?"



दुसऱ्या दिवशी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पन्हळ पंचवीसवर. मामा हात मागे बांधून भिंतीला टेकलेले, जणू चोरी पकडली गेलीय. दहा: सदतीस सेकंद. वीस: एक्केचाळीस. आता तीस चव्वेचाळिसाच्या आसपास यायला हवं, शिखर कायमचं पुसलं जायला हवं, आणि ताईंनी नव्याने सुरुवात करायला हवी. मनाची तयारी रात्रीच झाली होती.

तीस: चाळीस.

"मी हातही लावलेला नाही," मामा म्हणाले.

पुन्हा घेतलं. चाळीस. तिसऱ्यांदा, साडेएकोणचाळीस. म्हणजे शिखर नव्हतं, पण सपाटही नव्हतं. तीन दिवसांपूर्वी सकाळी आलेले चाळीस सेकंदही आता ताईंना आठवले. तेव्हा एकोणतीस दिसले नाहीत म्हणून त्यांनी ते नीट पाहिलेच नव्हते.

"मग मी चुकलो की नाही?" मामांनी विचारलं.

"चुकलात. पण..." ताईंनी 'पण'च्या पुढचं शोधून पाहिलं. "उद्या चाळीस टक्क्यांपासून सुरू करू. आणि पन्हळ फडक्याने पुसा."

जाताना त्यांनी व्हरांड्यातलं पोस्टर उतरवलं, गुंडाळलं, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं आणि परत आणून कपाटामागे उभं केलं.

"आज काय जाळलं?" सासूबाईंनी विचारलं.

ताई चपला काढता काढता थांबल्या.

"तेच," त्या म्हणाल्या. "बहुतेक."