वाकून फुंकणारा माणूस

दुपारच्या बाराच्या सुमाराला मार्सेलिनाबाय कुंदाला पायांवर घेऊन तेल चोळत होती. चोळता चोळता ती सहज म्हणाली, "आज पहाटे धुरान डोलं चुरचुरलं नाय ना गो पोरीचं? आमच्या ॲम्ब्रोजनं खुरूस जालला."

मृणालिनीच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"क्रूस तुमच्याच मुलानं जाळला? ॲम्ब्रोजनं?"

"मग कोन? आतून वालवीनं खाऊन टाकलेला. सासऱ्याच्या वेळचा लाकूड, किती टिकंल? शनवारी गवंडी येल, सिमिटाचा बांधाचा हाय." म्हातारीनं कुंदाची मांडी हलकेच दाबली, कुंदा खुदकन हसली. "आशीर्वादाचा लाकूड चुलीन घालाचा नाय, बाय. उकिरड्यान टाकाचा नाय. येगला जालाचा, आनि राख नव्या खुरसाच्या पायान पुराची. माझ्या आजसासऱ्यापासून असाच चालत आयलाय."

मृणालिनी पाटावर बसली. बी.ए.ला तर्कशास्त्रात तिला पहिला वर्ग होता. वाकोल्यात मार्सेलिनाबायच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन तिला दीड वर्ष झालं होतं. घरासमोरच्या ओट्यावरचा क्रूस ती रोज बघायची. मे महिन्यात त्याच्यापुढे लदीन झालं, प्रार्थनेची ती लांबलचक गाणी संपल्यावर पानावर आलेले उकडलेले चणेही तिनं खाल्ले होते. पण जुना झालेला क्रूस जातो कुठे, हे विचारायचं तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आज पहाटे कुंदाला पाजायला ती उठली. भुरभुर पाऊस होता. खिडकीच्या फटीतून बघावं तो विहिरीमागे झावळ्यांच्या आडोशाला जाळ, आणि जाळात क्रुसाचा आडवा हात. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेले दोन पुरुष. एक उभा, एक वाकून जाळ फुंकत होता. गोव्यात पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर केलेल्या गोळीबाराला जेमतेम दहा दिवस झाले होते. त्यानंतर शहरात दुकानं बंद झाली, दगड पडले, ख्रिस्ती माणूस दिसला की "हा कुणाच्या बाजूचा" असं बघायची लोकांना सवय लागली. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या इथेच भात लावणारी, घरात मराठी बोलणारी. पण नाव रोझारिओ असलं की संपलं. मृणालिनीनं फट बंद केली, पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि नवऱ्याला हलवून जागं केलं.

तिचा नवरा चंद्रप्रकाश फोर्टातल्या एका सांजदैनिकात उपसंपादक होता. अजून कायम व्हायचा होता. आठ वाजता निघताना तो मुद्दाम क्रुसाच्या ओट्यापाशी गेला, रिकामा ओटा बघितला, विहिरीमागची राख बघितली आणि परत येऊन म्हणाला, "खरंय गं तुझं. मी स्वतः खात्री केली." राख बघितली. घरमालकिणीचं दार मात्र वाजवलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

"कनाला गो तोंड उतरला?" मार्सेलिनाबायनं विचारलं.

"काही नाही, बाय. जरा दवाखान्यात जाऊन येते. हिला बघाल ना घटकाभर?"

"जा. हिचा औषिद आनाचा हाय ना?"

"हो," मृणालिनी म्हणाली आणि वहाणा पायात सरकवून निघाली. छत्री घ्यायची विसरली.

दवाखान्यात डॉक्टर जेवायला गेले होते. कंपाउंडर लवू बाटल्यांवर खुणेचे कागद चिकटवत होता. तो कणकवलीकडचा.

"वहिनीनू, चेडवाचो खोकलो वाढलो काय?"

"लवूभाऊ, फोन हवाय. फार तातडीचा."

पाच-सात मिनिटांनी कुठे लाइन लागली. पलीकडे टाइपरायटरांचा आणि माणसांचा गलका. चंद्रप्रकाश फोनवर आला तो धापा टाकतच. "काय झालं? कुंदा बरी आहे ना?"

"बरी आहे. अहो, ती बातमी थांबवा. तो क्रूस ॲम्ब्रोजनंच जाळला. जुना झाला होता. त्यांच्यात तशीच रीत आहे."



"पान मशीनवर गेलं गं. पहिले गठ्ठे निघालेसुद्धा."

"मशीन बंद करायला सांगा."

"मी? मला कायम करायचा कागद पुढच्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर जाणार आहे, आणि मी जाऊन सांगू मशीन बंद करा?"

"मथळा काय दिलाय?"

तो घुटमळला. "'वाकोल्यात पवित्र क्रूस जाळला. अज्ञात इसमांचे कृत्य.' खाली, 'गोवा प्रकरणाशी संबंध असल्याची शंका'."

"ही शंका कुणाला आली? मला नाही आली. मी तुम्हाला जाळ सांगितला होता, शंका नव्हती सांगितली!"

"ते साहेबांनी वरून घातलं. आणि हे बघ, जाळला हे तर खरंच ना? बातमी काही खोटी नाही."

"अहो, खरं असून खोटं आहे ते! मे महिन्यात चणे खाल्लेत ना तुम्ही त्यांचे?"

लवूनं बाटलीवरची मान वर केली. तिनं पाठ फिरवली.

"उद्या खुलासा देऊ," चंद्रप्रकाश म्हणाला. मग आवाज खाली आला. "ऐक. दार लावून घरात बस. तुझं नाव कुठे घेऊ नकोस. बातमीत नुसतं 'प्रत्यक्षदर्शी' म्हटलंय. कुणाला कळायचं कारण नाही."

"संध्याकाळी इथे काय होईल?"

"मी लवकर निघायचं बघतो," तो म्हणाला, आणि लाइन तुटली.

ती घरी आली. म्हातारीनं कुंदाला झोपवलं होतं, पदरानं वारा घालत होती. आत्ता सांगावं, मृणालिनीला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले. पण सांगितल्यावर ही काय म्हणेल? ऊठ, खोली खाली कर, म्हणेल. वाजवी भाड्यात, असं पोरीला मांडीवर घेणारं घर कुठे मिळायचं? तिनं चुलीवर उगीचच भात टाकला, तो करपवला, आणि दर दोन मिनिटांनी खिडकीशी जाऊन आली. रस्ता नेहमीसारखा होता. साडेतीनला ॲम्ब्रोज पार्ल्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून आला, जेवला, ओसरीवर आडवा झाला.

पाच वाजता पेपर आला.

पेपर आला म्हणजे आधी आवाज आला. रस्त्याच्या पलीकडच्या पाखाडीतला, म्हणजे ख्रिस्ती आळीतला अर्बन, हातात पेपराची गुंडाळी, मागे पंधरा-वीस पोरं. अर्बन गोदीत कारकून होता, बोलण्यात जरा पुढेच. रिकाम्या ओट्यापाशी येऊन त्यानं बातमी मोठ्यानं वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. "एक इसम वाकून जाळ फुंकत असल्याचे प्रत्यक्षदर्शीने पाहिले," हे त्यानं दोनदा वाचलं.

ॲम्ब्रोज डोळे चोळत बाहेर आला. "अरे अर्बन, काय तमाशा लावलास? मीच जाळला तो."

"तू?"

"मी आणि माझा मामा. फादरना विचारून. वाळवी लागली होती यार."

अर्बन कीव आल्यासारखं हसला. "कोणी दम दिला तुला, ॲम्ब्रोज? नाव सांग, घाबरू नको."

"अरे दम कसला! मी सांगतोय ना?"

"मग पेपरवाले काय झोपेत छापतात? प्रत्यक्षदर्शी आहे त्यांच्याकडे! गोव्यावरून आम्हाला शिव्या घालून झाल्या, आता क्रुसावर हात. आणि आमचाच माणूस म्हणतो, मीच केलं!"

तोवर समोरच्या चाळीतून माणसं उतरली होती. गिरणीत जाणारी, मालवण-देवगडकडची. पुढे दशरथ. गोव्याच्या मोर्चात डोक्याला लागलेली पट्टी अजून कपाळावर होती. त्याच्याही हातात तोच पेपर होता, आणि मागच्या दोघांच्या हातात काठ्या.

"कोणाक म्हणतास रे अज्ञात इसम? आमच्याकडे बघून बोलतास काय?"

"ज्याला टोचलं त्याला म्हणतो."

"तोंड सांभाळून बोल हां! वाट लावीन!"

ॲम्ब्रोज दोघांच्या मध्ये उभा. दोन्हीकडून लोक त्याला बाजूला सारत होते. आपल्याच ओट्यापाशी, आपणच केलेल्या कामाबद्दल, त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मृणालिनी खिडकीच्या फटीला डोळा लावून हे बघत होती. पहाटे बघितलं होतं तसंच, त्याच फटीतून. कडी लावलेली होती. कुंदा तिच्या कडेवर होती. नाव घेऊ नकोस, तो म्हणाला होता. कुणाला कळायचं कारण नाही.

कुठून तरी एक दगड आला आणि पत्र्यावर खणकन वाजला. कुंदा दचकून रडायला लागली.

मृणालिनीनं कडी काढली. मार्सेलिनाबाय ओसरीवर उभी राहून "जेजू, जेजू" करत होती. मृणालिनीनं पोर तिच्या हातात दिली.

"हिला धरा, बाय. मागाहून काय बोलायचं ते मला बोला."

"खय चालली गो? डोकं फोडून घेशील!"

ती गर्दीत शिरली. बाईमाणूस म्हणून पोरं बाजूला झाली. ती ओट्याच्या पायरीवर चढली.

"त्या पेपरात प्रत्यक्षदर्शी म्हणून आहे ना, ती मी."

कुणाला आधी समजलंच नाही. दशरथ म्हणाला, "वहिनी, तुम्ही घरात जा."

"नाही जात. पहाटे मी खिडकीतून बघितलं. माझ्या नवऱ्याला मी सांगितलं, त्यांनी छापलं. आम्ही दोघांनीही या घरात विचारलं नाही. गोव्याचं मी काही बोलले नव्हते, ते तिकडे घातलं. पण जाळाचं मी बोलले."

"म्हणजे बघितलंस ना?" अर्बन उसळला. "कोण होते ते?"

"तोंडं दिसली नाहीत. दोघांच्या डोक्यावर पोतं होतं. उभा होता त्याच्या हातात पितळेचा तांब्या होता. एक..." ती ॲम्ब्रोजकडे वळली. "एक वाकून फुंकत होता, असं मी सांगितलं. ॲम्ब्रोज, तू फुंकत होतास?"

ॲम्ब्रोज गोंधळला. सगळ्यांसमोर सांगायची त्याला लाज वाटली असावी. "फुंकायला काय झालंय? सुकं लाकूड, धडाधडा पेटलं. मी गुडघ्यावर होतो. प्रार्थना नको करायला? आजोबांनी उभा केलेला क्रूस तो." मग त्यानं खाली बघितलं. घाईत पाळीला गेलेला, तीच विजार अंगावर होती. दोन्ही गुडघ्यांवर चिखलाचे वाळलेले गोल डाग होते, त्यांत राखेचे करडे कण.

अर्बननं त्या गुडघ्यांकडे बघितलं, मग हातातल्या पेपराकडे.

"तांब्या माझा होता," मागून मार्सेलिनाबाय ओरडली. "तीर्थाच्या पान्याचा! माझा भाऊस होता तो! इचारा त्याला!"

दशरथच्या मागचा एक जण फिसकन हसला. काठी त्यानं पायाशी टेकवली.

"शिकलेली ना गं तू?" अर्बन म्हणाला. "बी.ए.?"

"हो."

"मग गुडघ्यावरचा माणूस ओळखता येत नाही?"

दशरथनं कपाळावरच्या पट्टीवरून हात फिरवला. "जाऊ दे रे. चूक झाली, बोलली ना ती चारचौघांत." पेपराची घडी घालून अर्बननं ती खिशात कोंबली. गर्दी विरळ होऊ लागली तशी त्यानं ओट्यावर बसकण मारली आणि जाणाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथं ही आली सांगायला. हा पेपर बोरिवलीला गेला, मुलुंडला गेला. तिकडं कोण चढणार ओट्यावर?"

ते वाक्य मृणालिनीबरोबर घरात आलं.

मार्सेलिनाबायनं कुंदाला तिच्या हातात दिलं.

"खिडकीतून बघतेस," ती म्हणाली. "दरवाजा होता ना, बाय? इचाराचा होता." आणि आत निघून गेली. उद्या तेल लावायला येईन की नाही, हे काही बोलली नाही.

चंद्रप्रकाश साडेसातला आला. रिकाम्या ओट्यावर कंदील ठेवून ॲम्ब्रोज आणि अर्बन बसले होते, त्यांच्यापुढून तो मान खाली घालून आला. खिशातून त्यानं चार ओळींचा कागद काढला. "साहेब देतो म्हणालेत. सहाव्या पानावर."

तिनं वाचलं. 'वाकोला येथील क्रूस जीर्ण झाल्यामुळे धार्मिक रीतीनुसार हलविण्यात आला, असे समजते.'

"पहिल्या पानावर जाळला, सहाव्यावर हलवला?"

"अगं, मी एवढं मिळवलं हेच..."

"बोरिवलीकडून काही कळलं का?"

"अजून काही नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "ऑफिसात फोन मात्र येताहेत. संध्याकाळपासून."

तिनं दौत-टाक त्याच्यापुढे सरकवला. "'असे समजते' काढा. कुणाला समजतं? नाव घाला."

"कुणाचं?"

"माझं. बघणारीचं. बघण्यात चूक झाली, विचारलं नाही, असं लिहा. आणि पहिल्या पानावर मागा."

"मृणाल, ते मला कायम करणार नाहीत."

"माहीत आहे."

त्यानं टाक उचलला, दौतीत बुडवला, तसाच हातात धरून राहिला. टाकातून शाईचा एक थेंब कागदावर पडला. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली. मृणालिनी ताडकन उठली. आधी खिडकीकडे गेली, मग तिथूनच वळली आणि जाऊन दार उघडलं.

लवू होता. खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आला होता, दुपारी ती न्यायची राहून गेली म्हणून.

"वहिनीनू, आत येव काय?" त्यानं विचारलं. त्याच्या काखेत पेपर होता.

"या," ती म्हणाली. "आणि जरा बसा. हे काय लिहिताहेत, ते तुम्हीही वाचा."

चंद्रप्रकाशनं दोघांकडे बघितलं. मग डाग पडलेला कागद बाजूला करून नवा कागद ओढला आणि लिहायला लागला.