राहीच्या पायातली साखळी

मी एक जुनी साखळी आहे, बैल बांधायची. अंगावर गंज चढला आहे, पण माझी एकही कडी अजून सुटलेली नाही. मित्रांनो, याचा मला एके काळी फार अभिमान होता.

लोहाराने भट्टीत तापवून माझी एकेक कडी वळवली आणि मला म्हसा गावच्या जत्रेत विकायला मांडलं. उंबरमाळीकडच्या एका पाड्यावरचा नथू बैलजोडी घ्यायला आला होता. लेकीसाठी स्थळ बघायला यावं तसं त्याने आधी चार साखळ्या ओढून पाहिल्या आणि शेवटी मला पसंत केलं. "मजबूत हाय. तुटायची नाय," तो म्हणाला. पुढे सात वर्षं मी त्याच्या थोरल्या बैलाच्या गळ्यात राहिले. बैल धुतला की नथूची लेक राही मलाही धुवायची. इतकं कौतुक गोठ्यातल्या कुठल्या साखळीच्या वाट्याला येत असेल?

राही बारावी झाली आणि आसनगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. एका दिवाळीनंतर तिची झोप उडाली. "कोणीतरी मला नावाने हाक मारतं, रेल्वेच्या रुळाकडे ये म्हणतं," असं ती सांगू लागली. तिची आई लहानी तिला भगताकडे घेऊन गेली. भगताने कोंबडा घेतला, अंगारा दिला. हाका थांबल्या नाहीत. मग नथू तिला कल्याणच्या खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे तिला गुण येऊ लागला, पण दर महिन्याची फी आणि गोळ्या त्याला परवडेनात. त्याने बैल विकले. तीन महिन्यांत ते पैसे संपले आणि गोळ्याही बंद झाल्या.

बैल गेले आणि गोठ्यात मी एकटी उरले.

एका दुपारी राही रुळावर बसलेली सापडली. रेल्वेच्या गँगमनने तिला हाताला धरून घरी आणलं. त्या दिवशी नथूने शहापूरहून कुलूप आणलं आणि माझ्याकडे न बघता मला उचललं. माझं एक टोक पडवीच्या खांबाला आणि दुसरं राहीच्या पायाला. बैलाला माझा भार कधी वाटला नव्हता. तिचा घोटा मात्र चार दिवसांत सोलवटला. शाळेतून येणारी पोरं अंगणाबाहेर उभी राहून तिला खडे मारायची. तुटायची नाही म्हणून नथूने मला घेतलं होतं, आणि मी देवाकडे रोज तुटायचंच मागत होते.

दोन महिने असे गेले. मग मेघाताई आली. ती गावची आशाताई, घरोघर फिरून आजाऱ्यांची विचारपूस करणारी. ती रागावली नाही, नुसती राहीजवळ बसली.

"नथूकाका, सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात. गोळ्या फुकट मिळतात. मी येते संगती."

"बैल विकून गुण टिकला नाय," नथू म्हणाला. "फुकटच्या गोळीनं काय व्हनार?"

"तवा गोळ्या मधीच सुटल्या, काका. या सोडायच्या नायत, एवढंच."

नथू राहीला घेऊन दवाखान्यात गेला. आणि खरंच, हळूहळू हाका थांबल्या. राही भाकऱ्या थापू लागली, एकदा तर हसलीसुद्धा. लहानीने मला खुंटीला टांगलं. इतकं सुख मला जत्रेतही झालं नव्हतं.

पण मग भाताची लावणी आली. आमच्याकडे लावणी सावडीने होते. म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. ज्या घरचा माणूस येत नाही, त्याच्या शेतात कोणी जात नाही. त्यात नथूला आता नांगरटीलाही दुसऱ्यांचेच बैल लागत होते. लहानीचे गुडघे सुजलेले, आणि राही गोळ्यांनी दहा वाजेपर्यंत उठायची नाही.

"लावणीपुरत्या गोळ्या नको देऊस," नथू लहानीला म्हणाला. "पोर बरी हाय आता. सावड चुकली तर शेत पडीक जाईल."

बिचाऱ्याचं काय चुकलं? चुकलं तर होतंच. राही वीस दिवस चिखलात उभी राहिली. तिच्या हातासारखा भराभर चालणारा हात पाड्यात दुसरा नाही, असं सगळे म्हणाले. त्याच गडबडीत डॉक्टरांचा वारही निघून गेला.

शेवटचं शेत लावून झालं आणि राहीची झोप पुन्हा उडाली. उरलेल्या गोळ्या लहानीने पुन्हा सुरू केल्या, पण त्या चार दिवसांत संपल्या. मेघाताई दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय गोळ्या मिळणार नव्हत्या, आणि डॉक्टर यायला अजून अकरा दिवस होते. ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायचं तर जीप हवी, आणि जीपवाल्याला आधी पैसे हवे. मेघाताई त्यासाठी दारोदार फिरत होती.

ती फिरत असताना राही स्वतः उठली. तिने मला खुंटीवरून काढलं, खांबापाशी बसली आणि मला आपल्या घोट्याभोवती गुंडाळलं.

"बाबा, कुलूप तुमी लावा," ती म्हणाली. "मना हाक आलीय. मी जाईन."

नथू तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडला. लहानीने माझ्याखाली जुन्या लुगड्याची घडी घातली. मग नथूने कुलूप लावलं.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला कोणाला धरून ठेवायचं तेवढं येतं, बरं करायचं येत नाही. कोणाच्या पायात मी दिसले तर खडे मारू नका. घरी सांगा, आशाताईला सांगा. आणि कोणाच्या गोळ्या चालू असतील तर त्याचा सावडीचा दिवस तुमच्या घरातून कोणीतरी भरा. राहीचे वीस दिवस वीस घरांनी वाटून घेतले असते, तर आज मी खुंटीवर गंजत असते.