न बोलावता यायचे पाहुणे

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमचे बाबा गावाचे नगराध्यक्ष आहेत. लोक त्यांना रस्त्यात थांबवतात आणि तुंबलेल्या गटारापासून जावयाच्या दारूपर्यंत सगळं सांगतात. आणि या बाबांना एक आजार आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, गोवर आला तर पुरळ दिसतं. यांचा आजार मात्र दिसत नाही. अधूनमधून त्यांचं मन इतकं जड होतं, की सकाळी पायात मोजे चढवणंसुद्धा जमत नाही. औषध आणि विश्रांती मिळाली की हळूहळू ते ओझं उतरतं. पण तोवर घरचे लोक गावाला सांगतात, "पाठ धरलीय."

आता समजा, त्या घरातली मुलगी तुम्हीच आहात. तिचं नाव लेन्का. तिचं गाव सर्बियात, द्रिना नदीच्या काठावर.

लेन्कालाही बाबांची पाठच दुखते असं वाटायचं. मग एका वर्षी हिवाळ्याआधी टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. तिच्यातल्या पंतप्रधानाला मनाचा आजार होता. देश बाहेर वाट बघतोय आणि हा माणूस दिवसच्या दिवस अंथरुणात पडून आहे, अशी ती गोष्ट. रविवारी संध्याकाळी ती लागली की गावातले रस्ते ओस पडायचे.

लेन्काचे बाबा, व्लादेता, ती मालिका बसून बघत नसत. हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. एकदा ते म्हणाले, "हे चुकलंय. इतके दिवस लोळणाऱ्या माणसाचा भांग असा सरळ नसतो."

आई हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. लेन्का एकदा बाबांकडे बघायची, एकदा टीव्हीकडे. तिच्या लक्षात आलं. त्या रात्री आईने तिला सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, "बाहेर बोलू नकोस."

लेन्का नसतीच बोलली. पण वर्गात उरोश नावाचा एक मुलगा बाकाखाली आडवा झाला आणि त्या पंतप्रधानाची नक्कल करू लागला. "मला देश नको! मला उशी द्या!"

सगळा वर्ग खिदळला. लेन्का ताडकन उठली. "माझ्या बाबांनाही तोच आजार आहे. आणि ते असलं काही करत नाहीत, कळलं?"

उरोश बाकाखालून उठून बसला. लहान गावात अशी बातमी शाळेतून घरी पोचायला मुलांइतकाच वेळ घेते.

लेन्काने घरी जाऊन आपणहून बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. पण बरं झालं असं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी त्यांच्या घरची स्लाव्हा होती. तिथे प्रत्येक घराचा एक संत असतो. यांचा संत लुका. त्याच्या दिवशी घरात मोठी मेणबत्ती लावतात, गोल नक्षीदार पाव करतात आणि आल्यागेल्याला जेवू घालतात. या दिवशी कुणालाही बोलवायचं मात्र नसतं. ज्याला यायचं तो आपणहून येतो. दरवर्षी दुपारपर्यंत पाहुण्यांच्या कोटांचा पलंगावर ढीग लागायचा.

यंदा दुपार झाली तरी पलंग रिकामाच होता. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा आईने पुन्हा एकदा गरम केला.

"रस्ते निसरडे असतील," ती म्हणाली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

बाबा पांढरा शर्ट घालून टेबलाच्या टोकाला बसले होते. माझ्या तोंडामुळे हे झालं, आता बाबा पुन्हा अंथरूण धरतील, असं लेन्काला वाटलं. ती मागच्या दाराने निघाली आणि थेट शेजारच्या स्तामेंका मावशींकडे पोचली.

मावशी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. अंगात जाड कोट, डोक्याला रुमाल आणि मांडीवर पिशवी, त्यात वाइनची बाटली आणि कॉफीचा पुडा. घामाने नुसत्या निथळत होत्या.

"मावशी, आमच्याकडे या ना जेवायला," लेन्का म्हणाली.

"काय म्हणालीस?" मावशी उसळल्या. "स्लाव्हाला बोलावणं? मला? तुझ्या पणजोबांच्या वेळेपासून न बोलावता येतेय मी! परकी समजलीस का गं?"

"मग आला का नाहीत?"

"आता ऐका! सकाळी रेडिओवर तुम्हीच सांगितलंत ना, नगराध्यक्षांच्या घरी यंदा पाहुणे घेणार नाहीत म्हणून? तेव्हापासून बसलेय अशी. कोट काढावा तर मन होईना, ठेवावा तर उकडून जीव जातोय."

आजारपण असलं किंवा घरात कुणी गेलेलं असलं, की तिकडे लोक अशी सूचना देतात. मग कुणी त्या घराची पायरी चढत नाही. लेन्का धावत घरी आली.

"बाबा, रेडिओवर कुणी सांगितलं?"

आईने चमकून बाबांकडे बघितलं. बाबांनी टेबलावरचा कण बोटाने टिपला. "मी सांगितलं. आपणच 'येऊ नका' म्हटलं, की कोण आलं असतं आणि कोण नसतं, ते कधी कळत नाही. मला ते कळायला नको होतं."

"माझा दिवसभराचा स्वयंपाक!" आई म्हणाली. "व्लादेता, आजारी आहेस म्हणून वाचलास हं!"

"पण मला कळलंय," लेन्का म्हणाली. "मावशी आल्या असत्या. कोट घालून बसल्यात. घामाघूम झाल्यात."

बाबांनी वर बघितलं. आधी त्यांचा विश्वासच बसेना. मग ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पडदा जरासा सारून बघू लागले. रस्त्यावर चेदा काका फेऱ्या मारत होते. नगरपालिकेत बाबांवर सर्वांत मोठ्याने ओरडणारा विरोधी पक्षाचा माणूस तो हाच. अंगात लग्नातला सूट होता, काखेत बाटली होती, आणि खाली वाकून ते रस्त्यावरचा खड्डा निरखत होते.

"सुट्टीच्या दिवशी खड्डे बघतोय?" बाबा म्हणाले. "त्या सुटात?" आणि कित्येक आठवड्यांनी ते हसले, खांदे हलेपर्यंत. हसून झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. "घोटाळा केला मी. रेडिओवर आता नुसती गाणी असणार. आणि बोलवायला तर जाता येत नाही."

लेन्का तोवर रस्त्यावर पोचलीसुद्धा होती.

"काय गं," चेदा काकांनी घसा खाकरला, "पाठ कशी आहे बाबांची?"

"पाठ कधी दुखतच नव्हती. आजार मनाचा आहे. औषध चालू आहे. आज बरे आहेत, इस्त्रीचा शर्ट घातलाय."

चेदा काकांनी कानामागे खाजवलं. "ते अख्ख्या गावाला माहीत आहे, पोरी. मी विचारतोय ते वेगळंच. तो टीव्हीतला पंतप्रधान राजीनामा देतोय म्हणे पुढच्या रविवारी. तुझा बाप नाही ना देणार? मग मी भांडू कुणाशी?"

"ते तुम्ही आत..." लेन्का 'या' म्हणणारच होती. तिने जीभ चावली.

मग न बोलावताच घर उघडं आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून तिने फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, ती वाऱ्याने मिटू नयेत म्हणून एका दारावर स्वतःच चढून बसली, आणि पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गाणं म्हणू लागली.