जावयाची आंघोळ

दिवाळीत नव्या जावयाला तेल लावायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. आजवर सात जावई मी रगडून काढले. सगळे पाटावर बसताना ताठ असायचे आणि उठताना कणकेच्या गोळ्यासारखे. लोक म्हणतात, विघ्नेश्वर हेगड्यांच्या हाताला गुण आहे. गुण-बिण काही नाही. तेल लावणाऱ्याला बनियन काढावा लागत नाही, म्हणून एकोणिसाव्या वर्षी मी ते काम हट्टाने मागून घेतलं.

बनियनच्या आत काय आहे ते सांगून टाकतो, तुम्ही काही आमच्या सिद्दापूरचे नाही. दोन्ही काखांत आणि जांघांत गळवं. एक बसतं तोवर दुसरं उठतं. फुटतं, वाहतं, बुजतं, आणि बुजलेल्याच्या शेजारी नवं डोकं वर काढतं. काखमांजरी लोकांना एखाद्या वेळी होते आणि जाते. माझ्याकडे ती बिऱ्हाड करून राहिली. एका वैद्यांनी उष्णता सांगून वांगी बंद केली. मी चाळीस वर्षं वांगं खाल्लं नाही, गळवांनी मात्र काहीच सोडलं नाही.

आम्ही सुपारीच्या बागेतली माणसं. घरात पुरुष उघडेच वावरतात. मी एकटा भर वैशाखातही बनियनमध्ये. जेवणाच्या पंगतीला उपरणं असं आवळून घ्यायचो की पुतणे मला 'नवरी' म्हणायचे. मीही हसून घ्यायचो. नवरी म्हणा, काय वाटेल ते म्हणा, फक्त ओढू नका.

यंदा पाळी होती माझ्या पुतणीच्या, नागवेणीच्या नवऱ्याची. सुमुख त्याचं नाव, शिमोग्याला बँकेत असतो. संध्याकाळी तो आला आणि तासाभरात मी त्याला ओळखलं. कॉफीचा पेला घेताना कोपर अंगापासून चार बोटं लांब. चटईवर बसला तो एकाच अंगावर भार देऊन. एवढ्या उकाड्यात गडद निळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. गडद रंगावर डाग दिसत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको.

 दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारात काय होणार ते मला माहीत होतं. आमच्याकडे जावयाला तेल एक जण लावतो, पण कढत पाणी ओतायला मेव्हण्यांची फौज उभी असते, आणि जावई हात जोडेपर्यंत कोणी थांबत नाही. यंदाच्या चौघांनी, माझ्या पुतण्यांनी, त्याच्या काखा बघितल्या असत्या, तर दुपारच्या जेवणाआधी गावभर झालं असतं की हेगड्यांना फसवून रोगी पोरगा गळ्यात मारला. आणि नागवेणीचा बाप, माझा थोरला भाऊ परमेश्वरण्णा, असा, की एका सोयऱ्याने जत्रेत सुपारीच्या भावात फसवलं म्हणून त्याच्याकडे सहा वर्षं पाऊल टाकलं नाही. तो नागवेणीला सासरी परत पाठवायचा नाही.

सकाळी सुमुखने आधी सर्दीचं निमित्त काढलं.

"सर्दीवर तर तेलच," अण्णा म्हणाला.

मग त्याने सांगितलं की काल रात्रीच आंघोळ केली आहे.

"ती शिमोग्याची आंघोळ झाली," एक मेव्हणा म्हणाला. "इथली बाकी आहे. भावोजी, लाजता कशाला? आम्ही डोळे मिटतो."

"एक डोळा," दुसरा म्हणाला.

पोराचा चेहरा पांढरा पडला. मी त्याचं मनगट धरलं, त्याला आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

"अरे चिक्कप्पा, हे काय?" बाहेरून चौघं ओरडले. चिक्कप्पा म्हणजे धाकटा काका, मी.

"हे माझं तेल, माझी पद्धत," मी म्हणालो. "बोलावतो तेव्हा या."

आत हंड्यात पाणी खदखदत होतं. चुलीचं तोंड भिंतीपलीकडे, तिथे नागवेणी सुपारीची सालं सारत बसली होती. सुमुख कोपऱ्यात शर्टाची बटणं मुठीत धरून उभा.

"मला नको आहे, चिक्कप्पा. खरंच नको."

"मलाही नको होतं," मी म्हणालो, आणि बनियन काढला.

दुसऱ्या माणसासमोर बेचाळीस वर्षांनी.  त्याने माझ्या काखांकडे बघितलं. तोंड वाकडं केलं नाही, नजर वळवली नाही. हळूच स्वतःचा शर्ट काढला आणि पाटावर बसला. त्याच्या डाव्या काखेत ताजी पट्टी होती.

"औषध कोणतं घेता?" त्याने विचारलं.

"वांगं खात नाही."

तो एवढा हसला की मलाही हसू फुटलं. मग त्याने त्या दुखण्याचं नाव सांगितलं, केवढं लांबलचक, आमच्या पुरोहितालाही एका दमात म्हणता यायचं नाही. घाणीने होत नाही, दुसऱ्याला लागत नाही, आणि मुळापासून गेलं नाही तरी पुष्कळ आटोक्यात राहतं. मणिपालला डॉक्टरीणबाई आहेत. तिथे बाकावर असले दहा जण बसलेले असतात. दहा जण. मला वाटायचं, देवाने हे एक माझ्यासाठीच घडवलं.

मी त्याच्या टाळूवर तेल घातलं, तेवढंच. खाली हात नेला नाही.

"नागवेणीला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच भेटीत सांगितलं. बसस्टँडच्या हॉटेलात. वाटलं, डोसा टाकून उठेल."

"मग?"

"म्हणाली, झोपता कोणत्या कुशीवर? मी म्हटलं, उजव्या. म्हणाली, मग माझं अंथरूण तुमच्या पाठीमागे, म्हणजे माझा धक्का लागायचा नाही. आणि चटणी मागवली."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मला एवढं साधं कोणी विचारलं नव्हतं. विचारायला मी कोणाला जागाच ठेवली नव्हती.

"तिला हे सुचलं कुठून?" मी म्हणालो.

भिंतीपलीकडून नागवेणीचा आवाज आला. "कुठून म्हणजे? तुम्ही नाही का आयुष्यभर उताणे झोपता, हातांखाली उशा घेऊन?" चुलीत सालं तडतडली. "आई तुमचे बनियन वेगळे भिजवायची, चिक्कप्पा. मी आठ वर्षांची असल्यापासून बघतेय."

"मग बोलली का नाहीस, गाढवे?"

"तुम्ही एवढ्या कष्टाने लपवत होता. मोडवेना."

मला राग आला, लाजही वाटली, आणि त्या दोन्हीच्या खाली फार बरं वाटलं. बाहेर चौघं दार वाजवत होते. मी सुमुखकडे बघितलं.

"उघडू?"

त्याने थोडा विचार केला आणि होकारार्थी मान डोलावली. मी कडी काढली आणि तसाच, उघड्या अंगाने, दारात उभा राहिलो. चौघांच्या हातातले तांबे जागच्या जागी राहिले. त्यांच्या मागे अण्णा.

"बघा नीट," मी म्हणालो. "हे मला आहे, जावयालाही आहे. लागत नाही, घाणीने होत नाही. त्याने लग्नाआधी मुलीला सांगितलंय. कोणाला फसवलं म्हणायचं असेल, तर आधी मला म्हणा. मी एकोणिसाव्या वर्षापासून फसवतोय."

 अण्णा पुढे आला. त्याने जावयाकडे बघितलंसुद्धा नाही. माझा हात धरून वर उचलला, काखेकडे बघितलं आणि माझ्यावरच डाफरला.

"एका खोलीत वाढलो आपण. दर दिवाळीला मला तेल लावतोस. आणि एवढं दुखत असताना मला सांगितलं नाहीस? मी कोण होतो रे तुझा?"

लोक काय म्हणतील, मुलीचं काय होईल, लागेल का, सगळ्याची उत्तरं मी तयार ठेवली होती. अण्णाच्या प्रश्नावर मात्र मी तेलाची वाटी त्याच्या हातात दिली आणि त्याच्यापुढे बसलो.